धुऱ्यावरचा निवेदक : वऱ्हाडातल्या कथालेखनातलं गद्य

आजचा विषय आहे कथा-कादंबरीतलं गद्य आणि निवेदन. विषय मोठा आहे, म्हणून आम्ही तो आपल्या भागापुरता आवळून घेतला आहे. अमरावती, अकोला आणि आजूबाजूच्या जिल्ह्यांत लिहिणारे जे नवे लेखक आहेत, त्यांच्या कथा आम्ही बरीच वर्षं वाचतो आहोत. काही छापून येण्याआधी, काही नंतर. त्या वाचताना एक गोष्ट पुन्हा पुन्हा खटकते आणि तीच आज तुमच्यासमोर ठेवायची आहे.

आधी एक शब्द स्पष्ट करतो, कारण हे ऐकणारे सगळेच वऱ्हाडातले नसतील. दोन वावरांच्या मधल्या हद्दीला आपल्याकडं धुरा म्हणतात, दुसरीकडं बांध म्हणतात. धुऱ्यावर उभं राहिलं की वावर सगळं दिसतं. कोण कोणत्या तासात आहे, किती काम झालं, कोण बसलं, सगळं. पण कुणाचं बोट फाटलं ते दिसत नाही आणि कोण काय पुटपुटलं ते ऐकू येत नाही. धुऱ्यावर उभा कोण असतो? मालक असतो, नाहीतर शहरातून आलेला पाहुणा असतो. आमचं म्हणणं असं, की आपल्या बहुतेक कथांमधला निवेदक हा धुऱ्यावर उभा आहे. आणि गद्य सुधारणं म्हणजे पहिल्यांदा त्याला तिथून खाली उतरवणं.

आता उदाहरण घेऊ. कुण्या एका लेखकाचं नाव घ्यायचं नाही, म्हणून अशा वीस-पंचवीस कथांचा अर्क काढून आम्हीच एक परिच्छेद तयार केला आहे. ऐका :

‘रविराज आकाशातून आग ओकत होता. दारिद्र्याच्या वणव्यात होरपळलेली, कष्टाने रापलेली ती भोळीभाबडी माउली काळ्या आईच्या कुशीत पांढरे सोने वेचत होती. “काहून वो शांते, पानी नाई आन्लं काय?” ती आपल्या रांगड्या गावरान बोलीत उद्गारली.’

हसलात ना? पण यात काय बिघडलं ते नीट पाहू या. पहिली गोष्ट म्हणजे कापूस. कापसाचा वेचा जोरात असतो तो दिवाळीच्या पुढं, थंडीत. सकाळी वावरात दव असतं, बाया डोक्याला रुमाल गुंडाळून येतात. त्या दिवसांत रविराज आग ओकत नाही. लेखकाला हे माहीत नाही का? माहीत आहे, तो तिथंच वाढला आहे. पण लिहायला बसला की त्याला वाटतं, कष्ट म्हटले की ऊन पाहिजे. म्हणजे डोळ्यांनी पाहिलेलं बाजूला राहिलं आणि वाचलेलं वाक्य आलं.

दुसरी गोष्ट म्हणजे विशेषणं. होरपळलेली, रापलेली, भोळीभाबडी. ही तीन विशेषणं त्या बाईबद्दल काही सांगत नाहीत. ती बोलणाऱ्याबद्दल सांगतात, की मला बघा, मला किती कीव येते. भोळीभाबडी हा शब्द तर सरळ खोटा आहे. किलोवर मजुरी घेणारी बाई भोळी असून चालेल का?

तिसरी आणि सगळ्यात वाईट गोष्ट शेवटच्या वाक्यात आहे. ‘आपल्या रांगड्या गावरान बोलीत.’ ती बाई काही ‘गावरान बोलीत’ बोलत नाही हो. ती बोलते, एवढंच. गावरान ते कुणाच्या कानाला? धुऱ्यावरच्याच्या. या चार शब्दांनी लेखकानं स्वतःच्या आईला परकं केलं.

आता तोच प्रसंग वावरात उतरून लिहून पाहू :

‘दव उतरलं तसा कापूस हलका लागायला लागला. सकाळपासून ही तिसरी ओटी. राधाबाईनं गाठोड्याकडं पाहिलं. दहा किलोच्या पुढं नसेल. काल काट्यावर तिचा अर्धा किलो कापला होता, कापूस ओला आहे म्हणे. आज कुठं ओला होता? बोंडाच्या वाळल्या टोकानं अंगठ्याजवळ पुन्हा फाटलं. तिनं बोट तोंडात घातलं.

“काहून वो शांते, पानी नाई आन्लं काय?”

“दम धर वो. लाईन नाई, मोटर बंद हाय.”’

हे काही थोर गद्य आहे असा आमचा दावा नाही. पण फरक पाहा. बोली दोन्हीकडं सारखीच आहे, संवादाचं पहिलं वाक्य तर जसंच्या तसं आहे. बदलली ती उभं राहण्याची जागा. दव असलं की कापूस वजनात भरतो, हे वेचणारीला माहीत असतं. म्हणून दव इथं निसर्गवर्णन म्हणून आलेलं नाही, ते तिच्या पैशाचा भाग म्हणून आलं आहे. ‘आज कुठं ओला होता?’ हे वाक्य कुणाचं? अवतरणचिन्ह नाही, ‘ती मनात म्हणाली’ असंही नाही. निवेदकाचं वाक्य आणि तिचं वाक्य एकात मिसळलं आहे. आणि तो ‘म्हणे’ बघा. मराठीतला हा फार मोलाचा शब्द आहे. मी सांगतो आहे, पण हे माझं नाही, दुसऱ्याचं ऐकलेलं आहे आणि माझा त्यावर विश्वास असेलच असं नाही, एवढं सगळं त्या दोन अक्षरांत येतं. निवेदनाच्या तंत्रावर इंग्रजीतली पुस्तकं जरूर वाचा, पण आपल्या आजीचा ‘म्हणे’ विसरू नका.

हे आम्ही मोठेपणानं सांगत नाही, आमची स्वतःची चूक सांगून सांगतो आहोत. आमची पहिली कथा आईवर होती. एका शहरातल्या मासिकाला पाठवली. तिथून दुरुस्त्या आल्या. निवेदन ‘शुद्ध’ करा, करुणा वाढवा, संवादात थोडी बोली चालेल. आम्ही सगळं केलं. कथा छापून आली. फार आनंद झाला. अंक घेऊन गावी गेलो आणि आईला वाचून दाखवली. तिनं पूर्ण ऐकलं. मग म्हणाली, “मी काई दिवसभर रडत नव्हती बावा. आमी तं लय हासो वावरात. आन् काट्याचं काई लेहलंच नाई तुनं.”

काट्याचं खरंच काही नव्हतं. ज्या काट्याशी ती तीस वर्षं भांडली, तो आमच्या कथेतून गळून गेला होता आणि त्या जागी अश्रू आले होते. दोष मासिकाचा कमी, आमचा जास्त. आम्ही इतक्या पटकन तयार झालो, कारण आम्हालाही धुऱ्यावर जाऊन उभं राहायचं होतं. शिकलो होतो ना!

आता प्रश्न असा येतो, की मग उपाय काय? सगळी कथाच वऱ्हाडीत लिहायची का? पुष्कळ तरुण मित्र लगेच तिथं पोचतात. त्यासाठी आपल्याच भागातल्या दोन-तीन कादंबऱ्या शेजारी शेजारी ठेवून पाहू.

उद्धव शेळके यांची ‘धग’ १९६० साली आली. शेळके अमरावती जिल्ह्यातले. कादंबरी कौतिकची आहे. नवरा महादेव, शिंपीकाम करणारा. घर ओढायचं तिनं. पुढं नवऱ्याला महारोग होतो. एवढं दुःख आहे, की दुसऱ्या कुणी याचं रडगाणं केलं असतं. ‘धग’मधली पात्रं वऱ्हाडीत बोलतात आणि निवेदन बरंचसं प्रमाण मराठीच्या व्याकरणात राहतं. म्हणजे वरवर पाहिलं तर ज्या पद्धतीला आम्ही नावं ठेवतो आहोत तीच ही पद्धत. तरीही तिथला निवेदक धुऱ्यावर नाही. का नाही? कारण तो कौतिकची कीव करत नाही. ती हट्टी आहे, तिचं तोंड चालतं, ती चुकते, आणि तो तिला तसं राहू देतो. तिच्या घरात काय आहे आणि काय नाही याचा हिशेब त्याला तिच्याइतकाच ठाऊक आहे. निवेदनाची भाषा प्रमाण, पण नजर घरातली. साठ वर्षं उलटून गेली तरी ती कादंबरी जुनी होत नाही, त्याचं एक कारण हे आहे असं आम्हाला वाटतं.

दुसरं टोक म्हणजे पुरुषोत्तम बोरकर यांची ‘मेड इन इंडिया’. बोरकर खामगावकडचे. तिथं गावचा पाटील स्वतःच सांगतो आहे, वऱ्हाडीत, आणि त्यात इंग्रजी शब्दांची मनसोक्त मिसळ करून. इथं निवेदक आणि पात्र यांच्यात शिवणच नाही. वाचताना माणूस हसून लोळतो. पण हे हसणं कुणाचं आहे ते बघा. हसवतो तो पाटील, आपल्या गावाला, पुढाऱ्यांना आणि स्वतःलाही. आपण त्याला हसत नाही, त्याच्याबरोबर हसतो.

आणि इथंच एक फसगत होते. ‘मेड इन इंडिया’ वाचून पुष्कळांनी वऱ्हाडी निवेदन हातात घेतलं, पण घेतलं ते हशा मिळवायला. स्टेजवर जसं वऱ्हाडी बोललं की पुण्या-मुंबईचे लोक खदाखदा हसतात, तसं. बोलणारा वऱ्हाडी, पण तो उभा पुन्हा धुऱ्यावरच, आपल्याच माणसांकडं पाठ करून, समोरच्या प्रेक्षकांकडं तोंड करून. म्हणून आम्ही म्हणतो, बोली वापरली म्हणजे जवळीक आली असं नाही. प्रमाण मराठीत राहून शेळके आत राहतात आणि शंभर टक्के वऱ्हाडी लिहून एखादा बाहेर राहू शकतो.

पण बोली म्हणजे तरी काय? आमचे काही मित्र समजतात, ‘ण’चा ‘न’ केला, ‘विहीर’ची ‘इहीर’ केली, की झाली वऱ्हाडी. हे कपडे झाले. बोली वाक्याच्या बांध्यात असते. ‘येजो’ हा शब्द घ्या. प्रमाण मराठीत आपण ‘ये’ म्हणतो. ‘ये’ म्हणजे आत्ता ये. ‘येजो’ म्हणजे पुढं, जमेल तेव्हा, पण ये. त्यात वेळ आहे, सवड आहे, निरोप देताना दारात उभं राहणं आहे. लेकीला बसमध्ये बसवताना आई ‘फोन करजो’ म्हणते, त्याचं ‘फोन कर’ केलं की त्यातली आई अर्धी होते. किंवा ‘तो जेवून राह्यला’. यात काम चालू आहे, अजून संपलेलं नाही, मध्ये उठवू नका, हे सगळं आहे. तेव्हा प्रत्येक शब्दाचा उच्चार वाकडा लिहून वाचकाला अडखळवू नका. पाच ठिकाणी ‘पानी’ लिहिण्यापेक्षा एका ठिकाणी नेमका ‘येजो’ येऊ द्या.

आणि कृपा करून वाक्याच्या मध्येच शब्दांचे अर्थ सांगत बसू नका. ‘त्याने डवरा, म्हणजे पिकातलं तण काढायचं अवजार, खांद्यावर घेतला.’ हे कुणाला सांगता आहात? ज्या क्षणी निवेदक अर्थ सांगतो, त्या क्षणी वाचकाला कळतं, की हा वावरातल्या माणसांशी बोलत नाही, माझ्याशी बोलतो आहे. डवऱ्याचं काम दाखवा, अर्थ आपोआप कळेल.

आता थोडं मागं जाऊ. पुष्कळ मागं. अमरावती जिल्ह्यात मोर्शी तालुक्यात रिद्धपूर आहे, महानुभावांचं ऋद्धिपूर. मराठी भाषेचं विद्यापीठ आता तिथं उभं राहतं आहे, म्हणून अलीकडं नाव सगळ्यांच्या कानावर गेलं. तेराव्या शतकाच्या अखेरच्या काळात म्हाइंभटांनी चक्रधरस्वामींच्या आठवणी गोळा केल्या, त्याचा ‘लीळाचरित्र’ हा ग्रंथ झाला. भाविक तो भक्तीनं वाचतात, अभ्यासक इतिहासासाठी वाचतात. कथाकारानं तो निवेदनासाठी वाचावा, असं आमचं सांगणं आहे.

त्यांनी काय केलं? ज्यांनी पाहिलं, ऐकलं, त्यांना गाठून विचारलं. एकच प्रसंग दोघांनी वेगळा सांगितला तर तो फरकही नोंदवला गेला. लीळा छोट्या छोट्या. कोण कुठं होतं, कोण आलं, काय विचारलं, स्वामी काय म्हणाले, संपलं. वाक्यं आखूड, ‘मग’ आणि ‘तंव’ यांनी एकाला एक जोडलेली. विशेषणांची आरास नाही. अर्थ काय घ्यायचा ते बहुतेक वेळा ऐकणाऱ्यावर सोडलेलं. त्याच म्हाइंभटांनी गोविंदप्रभूंच्याही लीळा लिहिल्या, आणि त्यात गोविंदप्रभूंच्या बोलण्याची जी खास लकब होती ती तशीच ठेवली. आपल्या परमपूज्य माणसाचं बोलणं त्यांनी ‘शुद्ध’ केलं नाही. केवढी हिंमत आहे ही! आमच्यात ती पहिल्या कथेच्या वेळी नव्हती.

त्याच परंपरेतली आणखी एक आठवण स्मृतिस्थळात आहे. केशोबासांना नागदेवाचार्यांनी संस्कृतात लिहिण्यापासून थांबवलं, कारण त्यामुळं स्वामींचा साधासुधा परिवार वंचित झाला असता. सातशे वर्षांपूर्वी याच मुलखाशी नातं असलेल्या माणसांनी हा प्रश्न विचारला होता, की आपण ज्यांच्याबद्दल लिहितो त्यांना ते ऐकता येईल का? आजही गद्याची परीक्षा घ्यायला याहून चांगला प्रश्न आम्हाला सापडलेला नाही.

आता जे सांगायचं आहे ते जड आहे. आपला भाग गेली पंचवीस-तीस वर्षं बातम्यांत आहे तो शेतकऱ्यांच्या आत्महत्यांसाठी. साहजिकच त्यावर कथा लिहिल्या जातात, लिहिल्या गेल्याच पाहिजेत. पण त्यांचा एक साचा तयार झाला आहे. पाऊस नाही, कर्ज आहे, सावकार किंवा बँक आहे, पोरीचं लग्न आहे, आणि शेवटी झाड किंवा औषधाचा डबा. मधला माणूस कुठं आहे? त्याला काय आवडत होतं? तो कुणावर चिडायचा? बायकोशी त्याचं शेवटचं भांडण कशावरून झालं? काहीच नाही. निवेदक त्याला पहिल्यांदा पाहतो तो मरायला निघाल्यावर. धुऱ्यावरून तेवढंच दिसतं. सरकारी पंचनाम्यातही तेवढंच असतं. कथेनं पंचनाम्यापेक्षा जास्त काही दिलं नाही तर ती लिहायची कशाला?

सदानंद देशमुख यांची ‘बारोमास’ २००२ सालची, तिला पुढं २००४चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. देशमुख बुलढाणा जिल्ह्यातले. शिकलेला, नोकरी न मिळालेला एकनाथ आणि त्याचं शेतकरी घर. ती कादंबरी मोठी का वाटते? त्यात शेतीचं संकट आहेच, पण ते घरातल्या भांडणांतून येतं, जेवताना होणाऱ्या कुरबुरींतून येतं, भावाभावांतल्या बोलण्यातून येतं. संकट आकाशातून पडत नाही, ते उंबरा ओलांडून आत येतं आणि कोण काय बोलतं ते बदलून टाकतं. हे पाहायला निवेदकाला घरात राहावं लागतं, बारा महिने.

शैली म्हणजे सजावट, असं ज्यांना वाटतं त्यांना म्हणून हे सांगायचं. एखाद्या माणसाला भोळाभाबडा म्हणणं ही नुसती शब्दांची चूक नाही. तो माणूस विचार करत होता, हिशेब करत होता, हे आपण नाकारतो. जिवंतपणी त्याचं कुणी ऐकलं नाही, मेल्यावर आपणही ऐकत नाही.

शेवटी काही कामाच्या गोष्टी सांगतो आणि थांबतो.

तुमची एक जुनी कथा घ्या. पहिल्या दोन पानांवर ‘यायची, करायची, म्हणायची, असायचा’ अशी क्रियापदं किती आहेत ती मोजा. आपल्याकडं ती ढिगानं सापडतात. ‘आई पहाटे उठायची, सडा टाकायची, भाकरी थापायची.’ हे रोजचं झालं, पण गोष्ट अजून सुरूच झाली नाही. रोज उठणारी आई एका दिवशी उठली नाही, किंवा उठली आणि पीठ नव्हतं, तिथं गोष्ट सुरू होते. ते ‘उठायची’ एकदा ‘उठली’ करून पाहा. पुढचं वाक्य आपोआप बदलेल.

मग ‘उद्गारली, वदला, पुटपुटता झाला’ हे सगळं काढून ‘म्हणाली, म्हणाला’ ठेवा. म्हाइंभटांना तेवढं पुरलं, आपल्यालाही पुरेल.

मग जिथं जिथं तुम्ही पात्राबद्दल विशेषण वापरलं, तिथं स्वतःला विचारा, हे त्या माणसासमोर मोठ्यानं म्हणता येईल का? ‘बिचारी’ हा शब्द तुम्ही तिच्या तोंडावर म्हणाल? नाही ना? मग पाठीमागं कशाला?

आणि शेवटचं. कथा छापायला पाठवण्याआधी, जिच्याबद्दल किंवा ज्याच्याबद्दल लिहिली, त्याला नाहीतर त्याच्यासारख्या कुणाला वाचून दाखवा. स्तुतीकडं लक्ष देऊ नका, ‘लय मस्त’ सगळेच म्हणतात. तो कुठं थांबवतो ते ऐका. आमची आई काट्यापाशी थांबली. नंतर आम्ही ती कथा पुन्हा लिहायला घेतली, काट्यापासून सुरुवात करून. आता तिला वाचून दाखवायला ती नाही. पण लिहिताना प्रत्येक पानावर तिचा तो प्रश्न असतोच, आणि धुऱ्याकडं पाऊल वळलं की ती मागून हाक मारते.

आज एवढंच. तुमच्या मनात काही असेल, पटलं नसेल, तर आता बोला.